शाहू महाराज आणि ‘आपला माणूस’

निपाणीहून कोल्हापूरच्या एसटीत बसलं की कोगनोळीचा टोलनाका मागे पडतो, दूधगंगेचा पूल लागतो आणि कागल येतं. राज्य बदलतं, पाट्यांवरची लिपी बदलते, पण ऊस तोच, तंबाखू तीच आणि बोलणंही तेच. आपल्या भागातली कितीतरी मुलं निपाणीच्या देवचंद कॉलेजात शिकतात. पण त्या कॉलेजचा पत्ता आहे अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, आणि ते आहे शिवाजी विद्यापीठाचं. म्हणजे घर कर्नाटकात आणि पदवी महाराष्ट्राची. असं आपलं सीमाभागाचं जगणं.

त्याच कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी एक मुलगा जन्मला. नाव यशवंतराव. पुढे तो कोल्हापूरचा छत्रपती झाला आणि आज सगळे त्यांना राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखतात. शाळेत आपण त्यांच्यावर निबंध लिहिले, 26 जूनला भाषणं ऐकली. तरी या अंकासाठी मी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं. कारण ज्या प्रश्नावर आम्ही मुलंमुली कँटीनमध्ये सगळ्यात जास्त वाद घालतो, त्या प्रश्नाला त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हात घातला होता. प्रश्न साधा आहे. सरकारी नोकरी, कॉलेजातली प्राध्यापकी, मोठ्या संस्थेचं प्रमुखपद, या जागा कोणाला मिळतात? लायक माणसाला की ‘आपल्या माणसाला’?

बेळगावात हा शब्द प्रत्येक भाषेत आहे बरं का. मराठीत आपला माणूस. कन्नडात नम्मव. आमच्या कॅथलिक घरांत कोंकणीतून आमचो मनीस. तिन्ही शब्द किती प्रेमाचे! पण तेच शब्द ऑफिसच्या खुर्चीत जाऊन बसले की दाराबाहेरच्याला त्यांचा अर्थ वेगळाच ऐकू येतो.

आता यशवंतरावांकडे येऊ. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार आणि कोल्हापूरच्या कारभारातले मोठे माणूस. आई राधाबाई मुधोळच्या राजघराण्यातली, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यातली. आज ज्यांना आपण निव्वळ महाराष्ट्राचे समजतो, त्यांचं आजोळ कर्नाटकात होतं. आई ते अगदी लहान असतानाच गेली. 1883 च्या डिसेंबरात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. दहा वर्षांचं पोर, एकदम गादीचा वारस! दोनच वर्षांत वडीलही गेले.

शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झालं आणि नंतर धारवाडला. 1890 ते 1894 ही चार वर्षं स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली धारवाडला गेली. राज्यकारभार, इतिहास, इंग्रजी हे सगळं तिथंच पक्कं झालं. म्हणजे त्यांच्या घडणीच्या सगळ्यात महत्त्वाच्या वर्षांत त्यांचं गाव धारवाड होतं. आपण भाषेवरून ज्या रेषा ओढतो त्या त्यांच्या आयुष्यातून अशा आरपार जातात. त्यांच्या कोल्हापूर संस्थानात आजचं रायबागसुद्धा होतं. संस्थान 1949 साली मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर रायबाग बेळगाव जिल्ह्यात आलं.

2 एप्रिल 1894 रोजी महाराजांच्या हाती राज्याची सूत्रं आली. वय पुरं वीसही नव्हतं. आता या तरुण राजानं आपल्याच कचेऱ्यांकडे नजर टाकली तेव्हा काय दिसलं? संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात 71 अधिकाऱ्यांच्या जागा होत्या आणि त्यांतल्या 60 जागांवर ब्राह्मण होते. कारकुनांच्या 500 जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे फक्त 10 होत्या. लोकसंख्येत मात्र ब्राह्मण अगदी थोडे. शेतकरी, कुणबी, मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर, महार, मांग, चांभार असा सगळा मोठा समाज सारा भरायचा आणि कचेरीच्या पायरीखाली उभा राहायचा.

हे कसं झालं हे समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण लगेच एका जातीला शिव्या घालून मोकळे होतो. इंग्रजी शिक्षण आधी ज्यांनी घेतलं त्यांना आधी नोकऱ्या मिळाल्या. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिणं-वाचणं होतं, त्या घरातल्या मुलाला शाळा परकी वाटली नाही. गावात कुलकर्णीपण वंशपरंपरेनं त्याच घरात. मग कचेरीत एक जागा रिकामी झाली की ती बातमी सगळ्यात आधी कोणाला कळणार? आत बसलेल्यालाच. तो कोणाला सांगणार? भाच्याला, मेहुण्याला, गल्लीतल्या हुशार पोराला. यात प्रत्येक माणूस दुष्ट असायची गरजच नसते. प्रत्येकानं आपल्या माणसाला थोडी मदत केली, एवढंच. पण शेवटी बेरीज 71 मध्ये 60 अशी येते.

महाराजांनी पहिल्यांदा साधा उपाय केला. लायक ब्राह्मणेतर माणूस शोधून त्याला नेमायचं. 1895 साली भास्करराव जाधव या अत्यंत हुशार पदवीधराला त्यांनी असिस्टंट सरसुभा केलं. पुढं हेच भास्करराव सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचे मोठे पुढारी झाले. पण असे भास्करराव किती मिळणार? जागा द्यायच्या म्हटलं तरी शिकलेली माणसं कुठं होती? खेड्यातलं पोर शिकायला कोल्हापुरात आलं तर राहणार कुठं, खाणार काय? जातीमुळे कोणी खोली देत नव्हतं.

म्हणून 1896 च्या सुमारास राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींना खुलं असं एक वसतिगृह सुरू झालं. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं, कारण ती आजही घडते. वसतिगृह कागदावर सर्वांसाठी होतं. कोणाला मनाई नव्हती. पण देखरेख एकाच समाजाकडे, स्वयंपाकघर त्यांच्या रीतीचं, पंगतीचे नियम त्यांचे. काही वर्षांतच तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. बाकीची मुलं कोणी हाकलली नाहीत, ती आपोआप गळाली. कुलूप न लावताही दार बंद होतं, हे महाराजांनी तिथं पाहिलं.

मग त्यांनी रस्ता बदलला. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये वीरशैव लिंगायत बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. 1915 मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेलही निघालं. हे शेवटचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडी थांबले. आमचा समाज म्हणजे मूठभर. ना मतांत मोजला जातो ना मोर्चात. तरी त्या यादीत आमच्यासाठीही एक ओळ होती. सीमाभागातली कितीतरी लिंगायत आणि जैन मुलं या बोर्डिंगांत राहून शिकली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्येच राहत होते, आणि पुढे त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही.

जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांवर टीकाही झाली. जात मोडायची सोडून तुम्ही जातीला इमारती बांधून देता, असा तो आक्षेप. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण सर्वांच्या वसतिगृहाचं काय झालं हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. आणि या बोर्डिंगांतून शिकून बाहेर पडलेली मुलं एकाच कॉलेजच्या बाकावर शेजारी शेजारी बसत होती, हेही खरं.

याच काळात वेदोक्त प्रकरण घडलं. 1899 साली महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात असताना त्यांच्या लक्षात आलं की भटजी वेदांतले मंत्र म्हणत नाहीत, पुराणांतले म्हणतात. कारण विचारलं तेव्हा कळलं की छत्रपती असले तरी भटजींच्या लेखी ते शूद्रच. विचार करा, राज्याचा मालक, आणि त्याच्याच पगारावर असलेला पुरोहित त्याला त्याची पायरी दाखवतो! हे प्रकरण पुढे कैक वर्षं पेटत राहिलं. राजोपाध्यांचं वतन जप्त झालं, पुण्याची वर्तमानपत्रं महाराजांवर तुटून पडली. लोकमान्य टिळकही या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. पुष्कळजण म्हणतात की या अपमानामुळे महाराज बदलले. अपमानानं धार आली हे नक्की. पण भास्कररावांची नेमणूक आणि वसतिगृहाचा पहिला प्रयत्न हे दोन्ही वेदोक्ताच्या आधीचे आहेत. ज्याच्या मनात फक्त सूड असतो तो मुलांच्या जेवणाची सोय करत बसत नाही.

आणि मग 26 जुलै 1902. त्या वेळी महाराज स्वतः सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. केंब्रिज विद्यापीठानं त्यांना त्याच दौऱ्यात एलएलडीची सन्माननीय पदवी दिली. इकडे करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये आदेश छापून आला. इथून पुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गातल्या उमेदवारांना द्यायच्या. मागासलेले म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ज्या कचेरीत मागासलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यात किती माणसं कोणत्या वर्गातली आहेत याचा तक्ता पाठवायचा.

सगळेजण त्या 50 टक्क्यांबद्दल बोलतात. मला मात्र तीन महिन्यांचा तक्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण वशिला आणि आरक्षण यांतला फरक तिथं आहे. वशिला कधी लिहिलेला नसतो. कोणत्याही कचेरीत अमुक जातीची माणसं घ्यावीत असा कागद नव्हता, तरी 71 मध्ये 60 झालेच. महाराजांनी जे केलं ते गॅझेटमध्ये छापून केलं. कोणाला मिळणार, कोणाला नाही, किती मिळणार, हिशेब कोण देणार, सगळं उघड. ज्याला राग आला त्याला राग कशावर काढायचा ते कळत होतं. ज्याला विरोध करायचा त्याच्या हातात कागद होता. वशिल्याला विरोध करायला गेलं तर कागदच नसतो, फक्त कुजबुज असते.

दुसरी गोष्ट. आदेश होता रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता. कोणा ब्राह्मण अधिकाऱ्याला त्याच्या जातीमुळे त्या आदेशानं घरी पाठवलं नाही. महाराजांचे दिवाण रघुनाथराव सबनीस हे स्वतः प्रभू समाजाचे, म्हणजे ज्यांना आदेशातून वगळलं त्यांच्यापैकीच. ते 1898 पासून महाराजांच्या शेवटपर्यंत दिवाण राहिले. ज्या कारभारातून हा आदेश निघाला त्याच्या शिखरावर असा माणूस होता, हे आपण विसरतो.

सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांची एक गोष्ट कोल्हापूरकडे नेहमी सांगितली जाते. नोकऱ्या आणि स्कॉलरशिपा गुणांवर द्याव्यात, जातीवर नको, असं त्यांचं म्हणणं. महाराज त्यांना म्हणे घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला वेगळा तोबरा असे. त्या दिवशी सगळे हरभरे एकाच जाजमावर ओतायला लावले आणि घोडे सोडले. दांडगे घोडे पुढे घुसले, लंगडी आणि लहान शिंगरं मागंच उभी राहिली, जवळ गेली तर लाथा खाल्ल्या. महाराजांनी वकीलसाहेबांना फक्त ते बघायला लावलं. आमच्या वर्गात या गोष्टीवर कोणी म्हणालं की माणसं म्हणजे घोडे नव्हेत. बरोबर आहे. पण जाजमावर हरभरे टाकून सगळ्यांना समान संधी दिली असं म्हणणारी माणसं मात्र अजून आहेत.

दहा वर्षांनी, 1912 साली, प्रशासनातल्या 95 अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण 35 राहिले होते. राज्य बुडालं का? त्याच काळात शाहू मिल उभी राहत होती, राधानगरीचं धरण बांधलं जात होतं, संस्थानात गुळाची मोठी बाजारपेठ वाढत होती. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. 1918 मध्ये कुलकर्णी वतनं बंद होऊन पगारी तलाठी आले. म्हणजे गावपातळीवर जी जागा जन्मानं मिळायची ती शिकून मिळवायची झाली. 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम निघाला.

आता कौतुक पुरे. या कामाला मर्यादाही होत्या, त्या सांगितल्या नाहीत तर हे चरित्र होणार नाही, आरती होईल. 50 टक्क्यांचा आदेश एकाच मोठ्या गटासाठी होता. त्या गटात जमीनदार मराठाही होता आणि गावकुसाबाहेरचा महारही. एकाच जाजमावर दोघांना सोडलं तर काय होणार, ते महाराजांच्याच पागेतल्या गोष्टीनं सांगितलंय. त्यामुळे अस्पृश्यांसाठी त्यांना वेगळी धडपड करावी लागली. त्यांच्यातल्या शिकलेल्या तरुणांना तलाठी केलं, काहींना वकिलीच्या सनदा दिल्या, आपल्या खासगीत माहूत आणि कोचमन म्हणून घेतलं. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथं चहा प्यायला जात, बरोबरच्या सरदारांनाही पाजत. पण राजा चहा प्याला म्हणून कचेऱ्या भरल्या नाहीत. आणि पुढच्या काळात दक्षिण महाराष्ट्रातल्या सहकारात, शिक्षणसंस्थांत एका नव्या प्रबळ जातीचं वजन वाढलं, असं अनेक अभ्यासक मांडतात. म्हणजे ‘आपला माणूस’ मेला नाही. त्यानं फक्त आडनाव बदललं.

याची जाणीव महाराजांना अजिबात नव्हती असं मला वाटत नाही. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागलजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा अवघे 28 वर्षांचे आणि नुकतीच मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेले. सरकारी कॉलेजात प्राध्यापक असूनही स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्यावरून त्यांना काय सोसावं लागलं ते सर्वांना माहीत आहे. जागा मिळाली तरी खुर्ची मिळतेच असं नाही. माणगावात महाराजांनी भर सभेत सांगून टाकलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. एका राजानं आपल्या प्रजेला दुसऱ्याच्या हाती सोपवावं, तेही आपल्याहून सतरा वर्षांनी लहान माणसाच्या! मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो. जो माणूस फक्त आपल्यांचा असतो त्याला हे जमत नाही.

दोन वर्षांनी, 6 मे 1922 रोजी, मुंबईत महाराज गेले. वय 47. त्यांचं पहिलं मोठं इंग्रजी चरित्र 1924 मध्ये आलं. ते लिहिलं अण्णासाहेब लठ्ठे यांनी, जे आधी राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते आणि नंतर आपल्या बेळगावात वकिली करत होते. पुढं ते कोल्हापूरचे दिवाणही झाले.

महाराजांनंतर हा प्रश्न कचेरीतून विद्यापीठात शिरला. 1925 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली आपल्या निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद झाली. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा चालू असताना त्यांनी सिनेटवर मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी हवेत असा आग्रह धरला. कारण परीक्षा, अभ्यासक्रम, नेमणुका हे सगळं ठरवणारी माणसं कोण आहेत यावरून विद्यापीठ कोणाचं ते ठरतं. तिकडे म्हैसूर संस्थानात नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी 1918 मध्ये मिलर समिती नेमली आणि नंतर मागासलेल्यांसाठी नोकऱ्या राखल्या. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे धोरण पटलं नाही आणि ते पद सोडून गेले. मद्रासमध्ये जस्टिस पक्षाच्या सरकारनं 1921 मध्ये असाच हुकूम काढला. मराठी, कन्नड, तमिळ, सगळीकडे तोच हिशेब मांडला जात होता, आणि कोल्हापुरात तो सगळ्यांच्या आधी मांडला गेला होता.

आजचं काय? एक ताजं उदाहरण देते, कारण ते आपल्यासारख्या पुढं लेक्चरर होऊ बघणाऱ्यांच्या कामाचं आहे. 2018 मध्ये यूजीसीनं सांगितलं की प्राध्यापकांच्या आरक्षणाचा हिशेब अख्ख्या विद्यापीठाचा न धरता एकेका विभागाचा धरायचा. ऐकायला निरुपद्रवी वाटतं ना? पण त्या रोस्टरमध्ये चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला आणि चौदावी अनुसूचित जमातीला जाते. आता मराठी विभागात प्राध्यापक असतात तीन. मग आरक्षणाची पाळी येणार कधी? टक्केवारी तशीच, कायदा तोच, फक्त मोजायची पट्टी बदलली आणि जागा गायब. देशभर आंदोलनं झाली आणि 2019 मध्ये संसदेनं कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी पुन्हा संपूर्ण विद्यापीठ हेच एकक धरलं. शाहू महाराजांना हे लगेच कळलं असतं. त्यांनी दर तीन महिन्यांनी तक्ता मागितला होता तो यासाठीच.

सीमाभागात तर जातीच्या जोडीला भाषाही आहे. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, महाजन आयोग आला आणि गेला, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. या सगळ्यात आम्ही पोरं वाढलो. कोणतीही नेमणूक झाली की पहिला प्रश्न असतो, कुठला? मराठी की कन्नड? लिंगायत की मराठा की ब्राह्मण? माझी मावसबहीण नेट पास आहे, मराठीत एमए. एका कॉलेजात गेस्ट लेक्चररच्या जागेसाठी तिनं फोन केला तेव्हा विषयाबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. आडनाव ऐकून विचारलं गेलं की तुम्ही गोव्याच्या का. ती म्हणाली, नाही, इथलीच, चार पिढ्या. मग विचारलं, घरी काय बोलता. ती म्हणाली, कोंकणी, मराठी, कन्नड, सगळंच. पलीकडे थोडा वेळ शांतता. तिला कुठल्या खान्यात टाकायचं ते त्यांना कळेना. परत फोन आला नाही. त्या माणसाला वाईट म्हणावं असंही तिला वाटत नाही. तो आपला माणूस शोधत होता आणि ती कोणाचीच आपली नव्हती, एवढंच.

पण मी माझ्याच लोकांनाही हा प्रश्न विचारायला हवा. आमच्या संस्थांत, आमच्या शाळांत एखादी जागा निघाली की आम्ही काय करतो? पॅरिशमधल्या कोणाची तरी मुलगी बीएड झाली आहे, तिला सांगा, असं कोणीतरी म्हणतंच. अल्पसंख्याक म्हणून संविधानानं आम्हाला संस्था चालवायचा हक्क दिला आहे, तो हक्क मला प्रिय आहे. पण तो हक्क म्हणजे कुजबुजीचा परवाना नव्हे. आपल्या समाजाच्या मुलीला जागा द्यायची तर तसं जाहीर लिहा, निकष लावा, आणि बाहेरच्या कोणाला का नाही मिळाली ते त्याला सांगता येईल असं वागा. बहुसंख्य तसं करत नाहीत म्हणून आपणही करायचं नाही, हे उत्तर देवापुढे चालणार नाही आणि शाहू महाराजांपुढेही चाललं नसतं.

आपल्या मंडळात बरेचजण उद्या कुठंतरी सिलेक्शन कमिटीवर बसतील. कोणी प्राचार्य होईल, कोणी सिंडिकेटवर जाईल, कोण जाणे कोणी कुलगुरूही होईल. तेव्हा समोर दोन अर्ज असतील आणि त्यातला एक आपल्या माणसाचा असेल. आपल्या माणसावर प्रेम करणं हा गुन्हा नाही. महाराजही कागलवर, मराठ्यांवर प्रेम करत होते. त्यांचं मोठेपण यात आहे की त्यांनी प्रेम कोणावर करावं यावर हुकूम काढला नाही, खुर्ची कोणाला दिली त्याचा हिशेब मात्र लेखी मागितला. तोही दर तीन महिन्यांनी, आणि पहिल्यांदा स्वतःच्याच कचेऱ्यांकडून.

आपल्याकडे असा तक्ता कोण मागतं? आणि आपण स्वतः तो भरायला तयार आहोत का? या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या 26 जूनला हार घालायच्या आधी प्रत्येकानं आपल्यापुरती शोधावी, असं मला वाटतं.